पंधरा मिलिमीटरचा भरवसा

खोकं ताब्यात घ्यायला ओटीपी लागत होता, आणि ओटीपी गेला होता फ्रँकफर्टला. मागवणारा मुलगा तिकडे, खोकं इकडे, कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर. पुण्यात सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात जर्मनीत पहाटेचे साडेपाच. मुलगा उठून आकडे सांगेपर्यंत खोकं आणणारा पोरगा आत येऊन खुर्चीवर बसला, पंख्याखाली पाणी प्यायला, आणि काकूंनी फारच आग्रह केला म्हणून एक रव्याचा लाडूही त्यानं खाल्ला. खोक्यात होतं ते परक्या माणसाला घरात शिरू न देणारं यंत्र.

असे काका आणि अशा काकू कोथरूडमध्ये शोधायला लागत नाहीत. मुलगा परदेशी, मुलगी बाणेरला, घरात शहाऐंशीची आई. काका बँकेतून निवृत्त झालेले. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही, या नियमावर त्यांची सगळी नोकरी गेली. घरच्या लॅचच्या किल्ल्यांचा हिशोब मात्र वेगळा होता. एक समोरच्या बिऱ्हाडात, एक कामाच्या मावशींकडे, आणि एक तुळशीच्या कुंडीखाली. कुंडीखालची किल्ली इस्त्रीवाल्याला माहीत होती, पेपरवाल्याला माहीत होती आणि फ्रँकफर्टलाही माहीत होती. शेवटच्या ठिकाणी तिच्यामुळे झोप लागेना, म्हणून हे खोकं.

आतून निघालं ते असं : साबणाच्या वडीएवढा हब, एक भोंगा आणि दारं-खिडक्यांसाठी सेन्सरच्या आठ जोड्या. प्रत्येक जोडीत एक थोरला आणि एक धाकटा. थोरला काडेपेटीएवढा, त्याच्या पोटात बॅटरी, स्विच आणि संदेश धाडणारा रेडिओ. धाकटा त्याच्या निम्म्यानं. त्याच्या पोटात नुसतं चुंबक. थोरला चौकटीला चिकटवायचा, धाकटा दाराच्या फळीला. दार लावलेलं असलं की दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून उभे. दार उघडलं की ताटातूट, आणि ताटातूट झाली की थोरला बोंब ठोकणार. पुस्तिकेत अट होती : दोघांमधलं अंतर १५ मिलिमीटरच्या आत हवं.

यातलं बरंचसं नवीन नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २१ जूनला, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिलच्या ऑगस्टस रसेल पोप यांना विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट मिळालं. दारं-खिडक्या तारांनी बॅटरीला जोडलेल्या. दार हललं की वीजमंडल पूर्ण व्हायचं, विद्युतचुंबकात जोर यायचा आणि हातोडी घंटेवर आपटायची. एडविन होम्स यांनी १८५७ मध्ये हे हक्क विकत घेतले, बोस्टनमध्ये धंदा मांडला आणि १८५९ मध्ये तो न्यूयॉर्कला हलवला. चोर तिकडे जास्त, हा सरळ हिशोब. पुढे १८७७ मध्ये त्यांच्या मुलानं बोस्टनमध्ये चोरघंटेच्या त्याच तारांवर दिवसा टेलिफोन चालवून दाखवला. रात्री चोर, दिवसा गप्पा, तार एकच. ही माहिती काकांनी जेवताना सांगितली तेव्हा काकूंचा बहिणीशी फोन चालू होता. ‘बघ, चोरांमुळेच आपलं बोलणं होतंय’ एवढं पलीकडे कळवून त्या पुढे बोलायला लागल्या.

थोरल्याच्या पोटातला स्विचही नव्वदीच्या घरातला आहे. वॉल्टर एलवुड यांनी तो १९३६ मध्ये बेल टेलिफोन लॅबोरेटरीत बनवला. काचेची एवढीशी नळी, तिच्यात लोखंड-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या, टोकं एकमेकांवर आलेली पण न टेकलेली. चुंबक जवळ आलं की पट्ट्या चिकटतात, लांब गेलं की सुटतात. सगळा कारभार एवढाच. कोण आलं, का आलं, चपला कुठं काढल्या, यातलं त्याला काही कळत नाही. चुंबक जवळ आहे की लांब, एवढ्या एका प्रश्नावर त्याची हयात जाते. उरलेला वेळ तो झोपतो. म्हणून तर नाण्याएवढ्या बॅटरीवर वर्ष-दोन वर्षं निघतात. सोसायटीचा वॉचमनही रात्री झोपतो, पण हा दार हललं की जागा होतो, एवढा फरक काकांना पुरेसा वाटला.

रविवारी बसवायचं ठरलं. मुलीचा अकरा वर्षांचा मुलगा खास त्यासाठी बाणेरहून आला. क्यूआर कोड स्कॅन करणं, थोरल्याची हबशी ओळख करून देणं, हिरवा दिवा तीनदा लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरणं, हे त्याच्याकडे. काकांकडे फूटपट्टी, पेन्सिल आणि काकूंच्या औषधांच्या डब्यातलं स्पिरिट. डबल टेप लावायची जागा स्पिरिटनं पुसून कोरडी करायची, मग तीस सेकंद दाबून धरायचं, असं पुस्तिकेत होतं. काकांनी साठ मोजले. आजी पलंगावर बसून वाती वळत होत्या. पासष्ट वर्षांच्या होईपर्यंत त्या कसब्यातल्या वाड्यात राहिल्या. तिथं रात्री दिंडी दरवाजाला अडसर पडायचा, आणि तो ओढायला दोन माणसं लागायची.

‘हे एवढंसं?’ त्यांनी विचारलं.

‘आई, हे अडवत नाही. हे सांगतं.’

‘मग चोराला कोण अडवणार?’

काकांनी साठपर्यंतची मोजणी पुन्हा सुरू केली.

पहिला पेच मुख्य दारापाशीच पडला. या घराला मुख्य दारं दोन : आत लाकडी, बाहेर लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर. लाकडी दार सकाळी उघडतं ते रात्री दहाला लागतं, मधल्या वेळात वारा खेळता राहावा म्हणून ते सताड उघडं. मग सेन्सर कुठल्या दाराला? लाकडी दाराला लावला तर तो दिवसभर ‘दार उघडं आहे’ म्हणून गळा काढणार. सेफ्टी डोअरला लावावा तर ते लोखंडाचं, आणि लोखंड शेजारच्या चुंबकाचा जोर स्वतःकडे ओढून घेतं. पुस्तिकेतले १५ मिलिमीटर तिथं सात-आठच उरले. काकांनी जुन्या स्विचबोर्डाची लाकडी पट्टी कापून धाकट्याच्या पाठीमागे घातली, तेव्हा तो लोखंडापासून जरा सुटा झाला आणि जोडी जमली. अल्युमिनियमला चुंबकाशी काही देणंघेणं नसतं, त्यामुळे खिडक्या सोप्या जातील असं काका म्हणाले. हॉलची खिडकी तेव्हा त्यांच्या पाठीमागेच होती.

हॉलची खिडकी तीन ट्रॅकची, सरकती. दोन काचा आणि एक डासांची जाळी. काकांनी मोजून-मापून डाव्या काचेला धाकटा आणि डाव्या चौकटीला थोरला लावला. तीन दिवस फोनवर ‘हॉल खिडकी बंद’ असं येत राहिलं, आणि तिन्ही दिवस खिडकीतून छान वारा आला. कारण काकू गेली सव्वीस वर्षं उजवी काच सरकवतात. डावीला हातही लावायचा नाही, तिचा रोलर गेलाय. चौथ्या दिवशी काकांनी जोडी उजवीकडे हलवली. त्याच संध्याकाळी रोलरवाला आला आणि त्यानं डावी काच लोण्यासारखी करून दिली. आता दोन्ही सरकतात आणि जोडी एक. चोरानं कुठली काच सरकवायची हे त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेलं आहे.

नावं द्यायचा कार्यक्रम काकूंनी हातात घेतला. अ‍ॅपमध्ये आधीपासून ‘झोन १’, ‘झोन २’ असं होतं. काकांचा विचार बँकेतल्यासारखं ‘डी-१’, ‘डब्ल्यू-३’ ठेवायचा. पण फोन नातवाच्या हातात होता आणि नातवाला लाडू काकूंच्या हातून मिळत होते. त्यामुळे मुख्य दार ‘दूध दार’ झालं, ड्राय बाल्कनीची खिडकी ‘कबुतर खिडकी’, गॅलरीचं दार ‘पापड गॅलरी’ आणि आजींच्या खोलीतली खिडकी ‘सासूबाई’. फ्रँकफर्टमध्ये एका मोटारींच्या कारखान्यातली मीटिंग चालू असताना फोनच्या पडद्यावर उमटलं : ‘सासूबाई उघडी आहे.’ मुलानं फोन पालथा घातला.

हे यंत्र चोरांसाठी आणलं असलं तरी पहिल्या पंधरवड्यात त्याच्या हाती चोर लागला नाही; हाती लागलं ते घर. पहाटे पाच चाळीसला काकू सेफ्टी डोअर उघडून कापडी पिशवीतल्या दुधाच्या पिशव्या घेतात, हे जर्मनीत रात्रीच्या दोन दहाला कळायला लागलं. मावशी साडेसातला येतात म्हणून सांगतात आणि आठ पाचला येतात, हे तर तारीखवार नोंदलं गेलं. दुपारी अडीचला, घर झोपलेलं असताना, ‘पापड गॅलरी’ रोज चार मिनिटं उघडते, हे कोडं आठवडाभर सुटेना. आठव्या दिवशी काका जागे राहिले. दारामागे त्यांच्या आई उभ्या होत्या आणि उन्हात घातलेल्या पोह्याच्या पापडातला एक तोंडात टाकून वरण-भाताच्या पातेल्यासारखा चेहरा करून परत येत होत्या. डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं आहे. काकांनी नोंद पाहिली, आईकडे पाहिलं, आणि त्या दारासाठी दुपारच्या सूचना बंद करून टाकल्या. काकूंना त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

मुलाचा फोन मात्र रोज यायचा. ‘आई, दोन दहाला दार कोणी उघडलं?’ ‘अरे, दूध.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं नाही. दहाव्या दिवशी त्यानं ‘दूध दार’ म्यूट केलं. म्हणजे ज्या दारासाठी एवढं सगळं मागवलं, त्याच दाराचं तोंड बंद झालं. यात त्या मुलाचा दोष काढायचं कारण नाही, मोठमोठ्या शहरांचंही तेच झालं आहे. अमेरिकेत पोलिसांकडे येणाऱ्या चोरघंटांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त खोट्या निघतात : वारा, मांजर, विसरलेला कोड, सुट्टीत घर बघायला आलेली मावसबहीण. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी अखेर २००० साली नियम केला की नुसती घंटा वाजली म्हणून आम्ही धावणार नाही. आधी कोणीतरी जागेवर जाऊन खरं-खोटं बघावं, मग बोलवावं. कोथरूडमध्ये ते काम समोरच्या बिऱ्हाडाकडे आपोआप होतं. त्यांच्याकडे किल्लीही होती.

मग पाऊस सुरू झाला आणि लाकडी दार फुगलं. रात्रीसाठी एक जोडी त्यालाही लावलेली होती, तीही ‘दूध दार’ याच नावाखाली.

पुण्यात दार फुगणं ही आषाढातली ठरलेली गोष्ट आहे. लाकूड हवेतली ओल पितं, फळी चौकटीत मावेनाशी होते, आणि दार लावताना शेवटच्या बोटभर अंतरासाठी खांदा द्यावा लागतो. काकू खांदा देत नाहीत. त्या दार टेकवतात, कडी घालतात आणि म्हणतात लागलं. कडीच्या मते दार लागलेलं असतं. थोरल्याच्या मते नसतं, कारण मधे अठरा मिलिमीटर उरलेले असतात. रोज रात्री दहा वाजता या दोघांचा वाद आणि मधे काका. सुताराला बोलावून रंधा मारून घ्यावा तर तो म्हणतो, ‘आत्ता मारला तर हिवाळ्यात फट पडेल, दसऱ्यानंतर बघू.’ सुताराचं बरोबर आहे. त्याचं नेहमीच बरोबर असतं, म्हणून तो येत नाही. शेवटी काकांनी धाकट्याच्या खाली कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे घालून त्याला थोरल्याच्या जवळ सरकवलं आणि दाराचा वाद कॅलेंडरवर मिटवला.

त्याच दाराची बिजागरी करकरते. नातवानं उत्साहानं तिच्यात तेल सोडायला घेतलं तेव्हा आजी पहिल्यांदा पलंगावरून उठल्या. ‘हात लावशील तर बघ. त्या आवाजावर मला कळतं कोण आलं ते.’ आणि कळतं, ही वस्तुस्थिती आहे. काका दार एका दमात उघडतात, करकर लांब आणि एकसंध. काकू हातात पिशव्या असल्यामुळे आधी थोडं आणि मग पायानं, करकर दोन तुकड्यांत. मावशींची करकर नसतेच, त्या उघड्या फटीतून आत येतात. थोरल्याला फक्त ताटातूट कळते. बिजागरीला माणूस कळतो. बिजागरीला बॅटरीही लागत नाही.

करकरत्या दाराची किंमत चोरांनाही फार जुन्या काळापासून माहीत आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शर्विलक चारुदत्ताच्या घरी चोरी करायला येतो. देवलांच्या नाटकामुळे मराठी माणसाला तो घरचाच. हा चोर कलावंत. भिंतीला भोक कुठल्या आकाराचं पाडायचं यावर तो आधी विचार करतो : उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक की पूर्णकुंभ? मोजायची दोरी घरी विसरला म्हणून हा ब्राह्मण चोर गळ्यातल्या जानव्यानंच माप घेतो. आत शिरल्यावर पळायची वाट मोकळी ठेवायला तो दार उघडायला जातो, तर घर इतकं जुनं की दार करकरतं. मग तो पाणी शोधतो आणि जपून दारावर शिंपडतो. तेही खाली पडून आवाज होईल की काय, या धास्तीनं. दागिन्यांची पेटी मात्र त्याला शोधावी लागत नाही. झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय ती स्वतःच त्याच्या हातात देतो. चारुदत्ताच्या दाराला कोथरूडची जोडी असती तर एवढंच झालं असतं : चोर आत येताना यंत्र गप्प, कारण तो भिंतीतून आला, आणि दार उघडल्यावर भोंगा, म्हणजे चोर पळायच्या तयारीत उभा.

भिंतीचा मुद्दा काकांना कायद्याच्या पुस्तकातही सापडला. बँकेत असताना घेतलेलं भारतीय दंड संहितेचं पुस्तक त्यांच्याकडे आहे. १८६० च्या या संहितेची जागा जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेनं घेतली, तरी पुस्तक त्यांनी रद्दीत दिलेलं नाही. त्यातलं ४४५ वं कलम घरफोडीचं. घरात शिरायच्या सहा रीती आणि वर उदाहरणं : भिंतीला भोक पाडून हात आत घालणारा, खिडकीतून येणारा, दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलणारा, मालकाची हरवलेली किल्ली सापडली म्हणून तीच वापरणारा, आणि दारात उभ्या असलेल्या मालकाला आडवं करून सरळ आत जाणारा. काकांनी पेन्सिलनं एकेकापुढे खूण केली. भोकवाला : सेन्सरला पत्ता नाही. तारवाला : दार उघडलं की पत्ता लागणार, शाबास. किल्लीवाला : पत्ता लागणार, पण तो इस्त्रीवाल्यासारखाच दिसणार. मालकाला आडवं करणारा : दार तर मालकानंच उघडलेलं, सेन्सर निवांत. पेन्सिल ठेवून ते खाली गेले आणि कुंडीखालची किल्ली काढून आणली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाला कपडे घेऊन परत गेला, आणि काकांना रविवारच्या मुंजीला चुरगळलेला झब्बा घालून जावं लागलं.

त्या मुंजीच्या दिवशीच भोंगा वाजला. कार्यालयाच्या दारात काकांनी फोनवर रुबाबात ‘बाहेर’ हे बटण दाबलं. ‘घरी’ दाबलं की रात्री माणसं आत वावरू शकतात. ‘बाहेर’ दाबलं की घरात कोणी नाही असं यंत्र धरून चालतं. घरात आजी होत्या. अडीच वाजता ‘पापड गॅलरी’ उघडली. सूचना बंद होती, भोंगा बंद नव्हता. शंभर डेसिबलच्या वर आवाज, तोही दुपारी एक ते चारमध्ये. दोन्ही जिन्यांनी माणसं आली. एकानं बॅट आणली, एकानं एमसीबी पाडला. हबला आणि भोंग्याला आणीबाणीसाठी आतली बॅटरी असते, त्यामुळे फक्त पंखे बंद झाले आणि आवाज तेवढाच राहिला. समोरच्या बिऱ्हाडानं किल्ली लावली तेव्हा आजी तोंडात काहीतरी चघळत उभ्या. सगळ्यांना त्यांनी एकच विचारलं, ‘कोणाचा कुकर आहे रे?’

घरी परतल्यावर काकांनी ऐकून घेतलं. बॅटवाल्यांचं, एमसीबीवाल्यांचं, आणि शेवटी काकूंचं : ‘अहो, चोर आलाच तर नेणार काय आपल्याकडचं? दिवाळी अंकांचे गठ्ठे?’ नातवानं त्या संध्याकाळी आणखी एक शोध लावला. फ्रिजवरचं गणपतीपुळ्याचं चुंबक थोरल्याजवळ धरलं की धाकट्याची गरजच उरत नाही. दार सताड उघडं आणि थोरला समाधानी. काकांनी माहिती काढली, तर बँका आणि गोदामांसाठी दुसऱ्या जातीचे सेन्सर निघतात. त्यांना चुंबकाचा जोर ठराविक मापातच लागतो, आगंतुक चुंबक जवळ आलं तरी ते ओरडतात. पण तेवढा खर्च कोण करणार? फ्रिजवरची चुंबकं काकांनी काढून कपाटात कुलूप लावून ठेवली. चोर आता बाहेरून चुंबक आणेल तर आणेल, घरातलं त्याला मिळणार नाही.

आजींना या सगळ्याचं एकच नवल वाटत होतं : माणसं असताना दार लावायचंच कशाला? वाड्यात दिवसा दार लावलेलं असलं की लोक विचारायचे, कोणी गेलं का? याही पुढची पायरी अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात, शनिशिंगणापूरला आहे. तिथल्या घरांना परंपरेनं चौकट असते, फळी नसते. रात्री कुत्रं आत येऊ नये म्हणून कोणी एखादी फळी टेकवतात, बाकी शनिदेव बघून घेतात. युको बँकेनं २०११ च्या जानेवारीत तिथं ‘बिनकुलपी’ शाखा उघडली. काचेचं दार, आणि गावाच्या श्रद्धेचा मान राखून विजेच्या चुंबकाचं कुलूप असं की सहसा दिसू नये. २०१५ मध्ये गावाला पोलीस ठाणंही मिळालं. काकांना या शाखेचं अपार कुतूहल आहे. निवृत्तीआधी तिकडे बदली मागायला हवी होती असं ते म्हणतात. पण सेन्सर बसवणाऱ्यानं त्या गावात करायचं काय? थोरला लागेल चौकटीला. धाकट्याला चिकटवायला फळी कुठं आहे?

खंडेनवमीला काकूंनी सुरी, किसणी, शिवणयंत्र, काकांचा स्क्रू ड्रायव्हर आणि फ्रिज यांच्याबरोबर हबचीही पूजा केली. आठही थोरल्यांना हळद-कुंकू लागलं. दसऱ्याला दारावर झेंडू-आंब्याचं तोरण चढलं आणि त्यातली दोन पानं नेमकी दोघा भावांच्या मधे आली. पानांनी चुंबकाला काही होत नाही, हे काकांनी सगळ्यांना समजावलं. दोरा थोरल्यात अडकून तो सैल झालाय, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्याआधी ते तपकीर गल्लीत जाऊन वीस बॅटऱ्या घेऊन आले होते आणि घरच्यांना सीआर २०३२ चा अर्थ सांगण्यात गुंतले होते : सी म्हणजे लिथियमची जात, आर म्हणजे गोल, वीस म्हणजे २० मिलिमीटर व्यास, बत्तीस म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. आजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि वाती वळून झाल्यावर विचारलं की वीसच का आणल्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीत घड्याळं एक तास मागं गेली आणि काकूंचं दूध तिकडे एक दहाला यायला लागलं. इकडे परतीचा पाऊस संपता संपत नव्हता. त्या आठवड्यात एका रात्री सव्वातीनला काकांचा फोन थरथरला. ‘दूध दार उघडलं.’ काकू शेजारी झोपलेल्या. दुधाला अजून अडीच तास अवकाश. काकांनी उशाची बॅटरी घेतली, चष्मा शोधला, दुसऱ्या हातात कोपऱ्यातली छत्री घेतली आणि पाय न वाजवता हॉलमध्ये आले. दार लावलेलं होतं. कडी घातलेली, वरची खिट्टी घातलेली, लॅच बंद. फळी फुगून चौकटीत गच्च बसलेली. बॅटरीचा झोत खाली आणला तर थोरला पायपुसण्यावर पालथा पडलेला, पाठीला सुटलेली टेप, टेपला झेंडूची एक पाकळी आणि थोडं कुंकू. धाकटा वर, फळीवर एकटाच.

काका वाकले. गुडघा वाजला.

आतल्या खोलीतून लगेच आवाज आला, ‘कोण?’

‘मी,’ काका म्हणाले.

पलंग एकदा करकरला. आजी कुशीवर वळल्या होत्या.